मास्कच्या पट्ट्याखालचे केस

वाचकाचे पत्र

सप्रेम नमस्कार. माझे वय ५६ असून मी रत्नागिरी जिल्ह्यात राहते. ऑगस्टमध्ये डेंगी होऊन पाच दिवस रुग्णालयात होते. तिथे रात्रीचे माझे घोरणे आणि मध्येच श्वास थांबणे परिचारिकांच्या लक्षात आले. पुढे झोपेची चाचणी झाली आणि तासाला ३४ असा आकडा आला. सप्टेंबरपासून रात्री मशीन आणि नाकावरचा मास्क लावते. सकाळची डोकेदुखी थांबली, दिवसाची पेंग गेली. पण दिवाळीपासून केसांची पार वाट लागली आहे. कमरेपर्यंत केस होते. आता उशीवर, फणीत, न्हाणीघरात केसच केस दिसतात. कानांच्या वर आणि डोक्याच्या मागे ते तुटून आखूड झाले आहेत, डोके सारखे खाजते. डाव्या बाजूने हवा सुटते म्हणून यजमान रोज पट्टे आवळून देतात. जाऊबाई म्हणतात, चाई लागली. दुकानदार म्हणतो, चुंबकाच्या बटणांचा नवा मास्क घ्या. गेल्या आठ रात्री मी मास्क लावलेलाच नाही. यजमानांना पेसमेकर बसवलेला आहे, माझ्या घोरण्याने त्यांचीही झोप मोडते. केस कापून टाकू, की मशीनच बंद करू? सोबत फोटो पाठवत आहे.

उत्तर

प्रिय ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र आणि तिन्ही फोटो मिळाले. उत्तर मोठे होणार आहे, म्हणून आज रात्री काय करायचे ते आधी सांगते. मास्क पुन्हा लावा, मात्र सगळे पट्टे बोटभर सैल करून लावा. थोडी हवा सुटली तरी आजची रात्र चालेल. झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडण्याच्या तुमच्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात. तासाला ३० च्या पुढे आकडा गेला की डॉक्टर या आजाराला तीव्र म्हणतात. तुमचा ३४ आहे, म्हणजे सात तासांच्या झोपेत सव्वादोनशेहून अधिक वेळा तुमचा श्वास थांबतो किंवा अपुरा पडतो, त्यासोबत रक्तातला प्राणवायू खाली येतो आणि मेंदूला दचकून जागे व्हावे लागते. मशीन हवेच्या दाबाने घशाची वाट उघडी धरून ठेवते, पण ते आजार मुळापासून बरा करत नाही. ज्या रात्री मास्क नाही, त्या रात्री वाट पुन्हा मिटते. रक्तदाब, हृदयाचे ठोके, पक्षाघाताचा धोका या सगळ्यांशी या आजाराचा संबंध आहे. त्यामुळे आठ रात्रींची नववी होऊ देऊ नका.

एवढे सांगून मी तुमच्या केसांकडे वळते, कारण तो प्रश्न मला लहान वाटत नाही. झोपेच्या प्रयोगशाळेत वीस वर्षे रात्रपाळी करताना मी किती जणांना मास्क बसवून दिले त्याची मोजदाद नाही. काही महिन्यांनी तपासणीला आलेल्या बायकांनी मास्क का सोडला याची खरी कारणे डॉक्टरांच्या खोलीत सांगितली नाहीत, ती बाहेरच्या बाकावर मला सांगितली; त्यांत केसांचे कारण वारंवार येई. छातीच्या डॉक्टरांसमोर केसांचा विषय काढला तर आपल्याला नटवी समजतील, असे त्यांना वाटे. पुढच्या भेटीत तुम्ही हा विषय मोकळेपणाने काढा. मास्क रोज लावला जाण्याआड जे जे येते, ते सगळे त्या डॉक्टरांना कळायलाच हवे.

आता निदानाकडे येऊ. फोटो पाहून आणि पत्रातल्या तारखा जुळवून मला वाटते की तुमच्या डोक्यावर दोन वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी चालू आहेत आणि तुम्ही दोन्हींचा दोष मास्कला देत आहात. ऑगस्टमध्ये डेंगी झाला आणि दिवाळीपासून केस गळू लागले, यांतले अंतर दोन ते तीन महिन्यांचे आहे. मोठा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा झपाट्याने घटलेले वजन यांसारख्या धक्क्यानंतर एरवी वाढत राहिले असते असे पुष्कळ केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकत्रच गळतात. त्वचारोगतज्ज्ञ याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. ही गळती सगळ्या डोक्यावरून होते, ती पाहून जीव घाबरतो, पण केसांची मुळे शाबूत असतात आणि साधारण सहा महिन्यांत ती बहुतेक वेळा आपोआप ओसरते. हिच्याशी मास्कचा काहीच संबंध नाही.

दुसरी गोष्ट मात्र मास्कचीच आहे. पाठीमागून काढलेल्या फोटोत दोन्ही कानांच्या वरून निघून मागे जाणारा एक पट्टा दिसतो, तिथले केस दोन-अडीच इंचांचे आणि टोकाशी विस्कटलेले आहेत. दोन्ही बाजूंना, एकाच उंचीवर, पट्ट्याच्या रुंदीचा असा भाग चाईमुळे तयार होत नाही. चाईचा डाग बहुधा रुपयाच्या नाण्यासारखा गोल आणि गुळगुळीत असतो. तुमच्या फोटोत तसे काही नाही, तेव्हा जाऊबाईंची भीती तूर्त बाजूला ठेवा.

याची खात्री घरीच करता येईल. सकाळी उशीवरचे आणि फणीतले वीस-पंचवीस केस उचलून पांढऱ्या कागदावर पसरा आणि खिडकीच्या उजेडात एकेक केस पाहा. ज्या केसाच्या एका टोकाला मोहरीहून बारीक असा पांढरा ठिपका दिसेल, तो केस मुळापासून, आपली वेळ भरून गळलेला आहे. ज्याच्या कोणत्याच टोकाला असा ठिपका नाही, जो आखूड आहे आणि ज्याचे टोक कुंचल्यासारखे फुटलेले आहे, तो मध्येच तुटलेला आहे. पहिल्या प्रकारचे केस जास्त भरले तर डेंगीनंतरची गळती जोरात आहे, दुसऱ्या प्रकारचे जास्त भरले तर पट्ट्याचे घर्षण. तुमच्या कागदावर दोन्ही सापडतील, असा माझा अंदाज आहे. निरोगी माणसाचेही दिवसाला ५० ते १०० केस गळतात, हे मोजताना ध्यानात असू द्या, आणि लांब केसांचा पुंजका असतो त्याहून मोठा दिसतो हेही.

घर्षणाने केस तुटतो, पण मूळ जागेवर राहते, म्हणून तो पुन्हा वाढतो. खरी भीती ओढीची आहे. केस एकाच दिशेने रोज ताणला जात राहिला तर केशकूप दुखावतो. सुरुवातीला ओढ थांबवली की केस परत येतात, पण महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे ती तशीच राहिली तर तिथे व्रण तयार होऊन जागा कायमची उघडी पडते. याला ट्रॅक्शन ॲलोपेशिया म्हणतात. घट्ट वेण्या घालणाऱ्या मुलींत, केस वर ओढून घट्ट बांधणाऱ्या शीख पुरुषांत हा प्रकार त्वचारोगतज्ज्ञांच्या ओळखीचा आहे. तुम्हाला फक्त चार महिने झाले आहेत. म्हणजे तुम्ही वेळेवर विचारले आहे.

तेव्हा प्रश्न असा आहे की पट्टा इतका आवळावा का लागतो. तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य केसांबद्दलचे नाहीच. डाव्या बाजूने हवा सुटते म्हणून यजमान पट्टे आवळून देतात, हे ते वाक्य आहे. हवा सुटणे थांबले की आवळणे थांबेल आणि आवळणे थांबले की केस वाचतील. १९८१ मध्ये सिडनीत डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी या उपचाराची पहिली माहिती प्रसिद्ध केली, त्या सुरुवातीच्या दिवसांत मास्क नाकावर रोज रात्री चिकटद्रव्याने चिकटवावा लागे. पुढे सिलिकॉनच्या मऊ कुशनचे मास्क आले आणि चिकटवण्याची गरज संपली, कारण या कुशनची पातळ कड आतल्या हवेनेच फुगते आणि चेहऱ्यावर अलगद टेकून राहते. पट्ट्याने तिला फक्त जागेवर धरायचे असते. पट्टा फार आवळला की ती कड चुरगळते, तिला सुरकुती पडते आणि त्या सुरकुतीतून हवा अधिकच सुटते. मग आपण आणखी आवळतो. प्रयोगशाळेत मी अनेकदा पट्टे आवळण्याऐवजी सैल करून हवा सुटणे थांबवले आहे आणि दर वेळी रुग्णाच्या नातेवाइकांना ते खरे वाटायला वेळ लागला आहे.

मास्क बसवण्याची रीत सांगते. यजमानांना शेजारी बसवून वाचून दाखवा. बहुतेक ठिकाणी मास्क खुर्चीत बसवून, मशीन बंद ठेवून बसवतात, आणि तिथेच चूक होते, कारण आडवे झाल्यावर गालांचा आकार बदलतो. चेहरा साबणाने धुऊन कोरडा करा, सगळे पट्टे सैल सोडा, नेहमीच्या कुशीवर झोपा आणि मशीन चालू करा. तुमचे मशीन कमी दाबाने सुरू होऊन हळूहळू दाब वाढवणारे असेल, तर पहिल्या मिनिटांत सगळे ठीक वाटते आणि मध्यरात्री हवा सुटू लागते. पुष्कळ मशिनांत मास्क तपासण्यासाठी थोडा वेळ पूर्ण दाब देणारी सोय असते, ती दुकानदाराकडून समजून घ्या. आता मास्क हाताने नाकावर धरा, आधी खालचे पट्टे आणि मग वरचे, दोन्ही बाजूंना सारखेच, हवा थांबेल एवढेच ओढा. नंतर मास्क चिमटीत धरून बोटभर पुढे ओढा आणि अलगद सोडा, म्हणजे कुशन नव्याने फुगून बसेल. हे शेवटचे काम लोक विसरतात, आणि हवेची निम्मी गळती त्यानेच थांबते असा माझा अनुभव आहे. सगळे झाल्यावर पट्टा आणि गाल यांच्यामध्ये बोट सहज सरकले पाहिजे. सकाळी गालावर उमटलेला वळ तासाभरानंतरही टिकून असेल तर पट्टा अजूनही घट्ट आहे.

मागच्या बाजूलाही पाहा. डोक्याच्या मागे मानेच्या वर जो हाडाचा उंचवटा हाताला लागतो, त्याच्या खाली मास्कचा मागचा भाग बसला की सगळे पट्टे सरळ मागे ओढतात आणि हाड त्यांना वर सरकू देत नाही. तुमच्या फोटोत तो उंचवट्याच्या वर चढून थेट केसांच्या दाट भागावर बसला आहे. खालचे पट्टे फार सैल आणि वरचे फार घट्ट असले की असे होते. ओढीची दिशा बदलते आणि सगळा ताण कानांच्या वरच्या केसांवर येतो. तुमचे केस तुटले आहेत ती जागा नेमकी हीच आहे.

आणि आता तुमची डावी बाजू. समोरून काढलेल्या फोटोत डाव्या नाकपुडीवर खड्याची चमकी दिसते. नाकावरच्या मास्कच्या कुशनची कड नाकपुडीच्या अगदी लगत टेकते. खडा मोठा असेल तर कड तिथे उचलली जाते आणि हवा नेमकी त्याच फटीतून, म्हणजे डावीकडूनच, सुटते. एक रात्र चमकी काढून मास्क लावून पाहा. हवा थांबली तर कारण सापडले. तुमच्यासाठी चमकी ही केवळ दागिना नसेल, सौभाग्याची खूण असेल, हे मी जाणते. रोज काढणे मनाला पटत नसेल तर सराफाकडून अगदी चपटी, बारीक चमकी घडवून घ्या, किंवा नाकाच्या खाली टेकणाऱ्या लहान कुशनचा मास्क तुम्हाला चालेल का ते डॉक्टरांना विचारा. कानांतल्या कुड्या मात्र झोपताना काढून ठेवाव्यात, कारण पट्ट्याखाली आलेल्या फिरकीत केस अडकतात आणि कानाची पाळीही दुखावते. झोपेत तोंड उघडे राहून हवा जात असेल तर मास्कचे पट्टे कितीही आवळून उपयोग नाही. तोंड सकाळी कोरडे ठणठणीत पडत असेल तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला.

तेलाचा विषय तुम्ही पत्रात काढलेला नाही, पण फोटोत केस चपचपीत दिसतात, म्हणून मी काढते. खोबरेल तेलाविरुद्ध माझे काहीही म्हणणे नाही. २००३ साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचे आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली, तीत केसांतल्या प्रथिनांची झीज रोखण्यात एकटे खोबरेल उपयोगी ठरले. ते संशोधक तेल बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, हे सांगितले पाहिजे. तरी या तेलाचा अंश केसाच्या आत शिरतो, ही गोष्ट आता सर्वमान्य आहे. अडचण वेळेची आहे. रात्री लावलेले तेल कपाळावर, कानशिलांवर आणि गालांवर उतरते, सिलिकॉनचे कुशन त्यावर घसरते, हवा सुटते आणि पट्टा आवळला जातो. पट्ट्याच्या कापडात मुरलेले तेल आणि घाम तसाच राहतो. शिवाय कोंड्याशी संबंध असलेली मॅलॅसेझिया ही बुरशी सगळ्यांच्याच डोक्यावर असते आणि ती तेलकटपणावर पोसते. कोकणातल्या दमट हवेत, रात्रभर पट्ट्याखाली कोंडलेल्या त्वचेवर तेल म्हणजे तिला आयते खाद्य. म्हणून तेल न्हाण्याच्या दिवशी सकाळी, न्हाण्याच्या तास-दोन तास आधी लावा, टाळूवर थापण्याऐवजी केसांच्या लांबीवर हलक्या हाताने फिरवा आणि धुऊन टाका. केसांना तेल मिळेल आणि मास्क कोरड्या चेहऱ्यावर बसेल.

न्हाणेही सकाळीच असू द्या. ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. ओल्या केसांवर पट्टा चढवून झोपणे म्हणजे रात्रभर त्यांना रगडणे.

केस कसे बांधावेत याबद्दल तुम्ही विचारले असते तर मी आधी हेच विचारले असते की सध्या अंबाडा कुठे घालता. मागे, मानेजवळ अंबाडा किंवा बुचडा असला की मास्कचा मागचा भाग त्याच्या वर चढतो आणि उशीवर डोके टेकल्यावर सगळा मास्क पुढे ढकलला जातो. क्लचर, आकडे, घट्ट रबरबँड यांना रात्री पूर्ण रजा द्या. झोपण्यापूर्वी रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर येत गुंता काढा, एकच सैल वेणी घाला आणि ती खांद्यावरून पुढे घ्या. टोकाला कापडी रबर किंवा जुन्या मऊ सुती कापडाची चिंधी बांधा. वेणी कानाच्या खालून सुरू व्हावी, म्हणजे पट्ट्याखाली वेणीचा पीळ येणार नाही, सपाट केसच राहतील. भांग रोज एकाच जागी पाडू नका.

पट्टा आणि केस यांच्यामध्ये गुळगुळीत कापड आले की घर्षण खूप कमी होते. बाजारात सॅटिनच्या टोप्या मिळतात, पण मला घरचा उपाय अधिक आवडतो. जुन्या, वापरून मऊ झालेल्या रेशमी साडीचा अंगातला भाग घ्या, जरीचा काठ मात्र टाळा, कारण जर केसांना कापते. त्याच्या पट्ट्याच्या मापाच्या लांबट खोळी शिवा आणि कानांवरून जाणाऱ्या व मागच्या पट्ट्यांवर चढवा. शिवण बाहेरच्या बाजूला राहू द्या. वेल्क्रोचे टोक खोळीने झाकू नका, नाहीतर पट्टा रात्री सुटेल. टोपीच घ्यायची असेल तर ती पट्ट्याखाली घाला, तिचे इलॅस्टिक घट्ट नको, नाहीतर पट्ट्याच्या जोडीला ओढणारी आणखी एक कड तयार होईल, आणि टोपीची कड कुशनखाली कधीच येऊ देऊ नका. एक गोष्ट मात्र जपा: बाहेर टाकलेला श्वास जाण्यासाठी मास्कला बारीक छिद्रे असतात आणि काही मास्कांत ती डोक्यावरच्या नळीच्या जोडाशी असतात. ती कोणत्याही कापडाने झाकली जाता कामा नयेत.

मास्क काढतानाही केस तुटतात, आणि हे फारसे कोणी सांगत नाही. झोपेत उठून तो सदऱ्यासारखा डोक्यावरून ओढून काढला की पट्टा सगळ्या केसांवरून उलटा फिरतो आणि वेल्क्रोच्या आकड्यांत चार-दोन केस दर वेळी निघतात. वेल्क्रोला रोज हात लावू नका. एकदा बसवलेले माप तसेच राहू द्या. खालच्या पट्ट्यांच्या कड्या मास्कपासून सोडवा, एका हाताने पुढचा आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग धरून मास्क उचला. रात्री लघवीला उठताना मास्क काढण्याची गरजच नाही, फक्त नळी सोडवून जा. नळी पलंगाच्या डोक्याकडे वर अडकवली तर कूस बदलताना तिचे वजन मास्कला ओढत नाही.

खाजेसाठी पहिला उपाय स्वच्छतेचा आहे. कुशन रोज सकाळी ओल्या कापडाने पुसावे. पट्टे दर आठवड्याला कोमट पाण्यात सौम्य साबणाने हाताने धुऊन, न पिळता, सावलीत वाळवावेत. पावसाळ्यात तुमच्याकडे ते दिवसभरात वाळणार नाहीत, म्हणून पट्ट्यांचा दुसरा संच घेऊन ठेवा. तो मास्कपासून वेगळा मिळतो. साधारण सहा महिन्यांत पट्ट्यांचे इलॅस्टिक सैल पडते. त्यानंतर तोच संच ओढून ओढून वापरणे हेही आवळण्याचेच एक कारण आहे. एवढे करूनही खाज पट्ट्याच्या नेमक्या आकारात, स्पष्ट कडांसह, लाल होऊन येत असेल तर ॲलर्जीचा संशय घ्यावा. काही पट्ट्यांत निओप्रीन नावाचे कृत्रिम रबर असते आणि ते बनवताना वापरलेली थायोयुरिया गटातली रसायने काही जणांच्या त्वचेला सोसत नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर चिकटपट्टीची चाचणी करून हे ठरवतात, आणि मग दुसऱ्या कापडाचे पट्टे वापरले की काम भागते. केस रंगवत असाल तर तो रंगही त्यांना सांगा. कोंडा असेल तर ते औषधी शाम्पू देतील; तो लावून काही मिनिटे ठेवायचा असतो, लगेच धुवायचा नसतो.

चुंबकाच्या बटणांचा मास्क घेऊ नका. याबाबत मी तडजोड सुचवणार नाही. असे मास्क लावायला-काढायला सोपे असतात आणि केसांतही कमी अडकतात, त्यामुळे दुकानदाराने चांगल्या हेतूनेच सुचवले असेल. परंतु ही चुंबके पेसमेकरसारख्या उपकरणांच्या कामात अडथळा आणू शकतात. २०२२ आणि २०२३ मध्ये मास्क बनवणाऱ्या मोठ्या कंपन्यांनीच याबद्दल जाहीर इशारे दिले. ज्याच्या शरीरात असे उपकरण आहे त्याच्याइतकाच तो इशारा त्याच्या अगदी निकट झोपणाऱ्या मास्कधारकालाही लागू आहे. चुंबक आणि उपकरण यांच्यात किमान १५ सेंटिमीटर अंतर राहायला हवे असे त्यांत म्हटले आहे. एका पलंगावर झोपेत, कुशीवर वळताना, हे अंतर कोण राखणार? साध्या कड्यांचा मास्कच तुमच्या घरासाठी योग्य आहे. सध्याच्या मास्कमध्ये चुंबक आहे का, हेही आजच पाहून घ्या: कडीजवळ लोखंडी टाचणी नेली की कळेल.

त्वचारोगतज्ज्ञांची भेट तुम्ही या महिन्यातच घ्यावी, वाट पाहू नये. सगळीकडून होणाऱ्या गळतीसाठी ते हिमोग्लोबिन, शरीरातला लोहसाठा आणि थायरॉइड यांच्या तपासण्या सांगतील. तुमच्या वयात आणि डेंगीनंतर त्या करून घेणे शहाणपणाचे आहे. थायरॉइडची कमतरता केसही पातळ करते आणि झोपेतल्या श्वासाचा त्रासही वाढवते, त्यामुळे त्या एका तपासणीचा दोन्हीकडे उपयोग होईल. पट्ट्याखाली पुरळ, पू, खवले दिसले किंवा त्वचा चकचकीत होऊन केशकूपांची छिद्रेच दिसेनाशी झाली, तर त्याच आठवड्यात जा. त्यांनी मिनॉक्सिडिल हे केस वाढवणारे औषध लावायला दिले तर ते मास्क लावण्यापूर्वी पूर्ण वाळले पाहिजे. ओले औषध पट्ट्यावरून गालावर आले तर तिथे लव वाढते. ते सकाळी लावता येईल का, हे त्यांना विचारून घ्या.

केस कापू नका. कापण्याने मुळांवरची ओढ कमी होत नाही, आणि ते तुमच्या मनाला किती लागेल हे तुमच्या पत्राच्या ओळी-ओळींतून कळते. टोकांना फाटे फुटले असतील तर इंच-दोन इंच समान करून घ्या, तेवढे पुरे. आज यजमानांना डोक्याचा मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगा, आणि पुढे दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीशी, तशाच उजेडात, कोरड्या केसांचा फोटो काढत जा. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पहिल्या दोन फोटोंत काही फरक दिसणार नाही आणि तुम्ही खट्टू व्हाल. चौथ्या फोटोत दिसेल. कानांच्या वर बोटाच्या पेराएवढे, ताठ, इकडेतिकडे उभे राहणारे केस येतील आणि भांग पाडताना ते वेणीत बसणार नाहीत. तेल थापून किंवा पिना लावून त्यांना चापून बसवायचा मोह होईल, लग्नसमारंभाला जाताना तर नक्कीच होईल. त्यांना तसेच उभे राहू द्या.